नोकरी सांभाळून जोडधंदा

जोडधंदा हा शब्द आपल्या महाराष्ट्रांत नवा नाहीं. ज्याच्या घरीं चार एकर कोरडवाहू जमीन आहे तो दोन म्हशी बाळगतो, घरची बाई परसांत कोंबड्या पाळते, आणि मृगाचा पाऊस हुलकावणी देऊन गेला तरी दुधाच्या पैशांवर मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय होते. म्हैस पाळली म्हणून शेतकऱ्यानें जमिनीशीं बेइमानी केली असें आजवर कोणी म्हटलेलें आमच्या ऐकिवांत नाहीं. परंतु हाच जोडधंदा जेव्हां पगारी नोकर करूं लागतो, व तोही आईबापांस नीटसा न समजणारा, रात्रीं दार लोटून संगणकापुढें बसून करावयाचा असतो, तेव्हां घरांत व कचेरींत दोन्हीकडे कपाळांस आठ्या पडतात. आमच्या शाळेंतून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकीं कित्येकजण आज दिवसां कारखान्याच्या कचेरींत, बँकेंत किंवा पुण्याच्या एखाद्या कंपनींत नोकरी करतात आणि रात्रीं लोकांच्या वेबसाइटी बनवून देतात. त्यांचे पालक भेटीस आले म्हणजे दोन तऱ्हेचे प्रश्न विचारतात. एक, "सर, हें काम खरें आहे कीं नुसता खेळ?" आणि दुसरा, "खरें असेल तर तो नोकरी सोडतो म्हणतो. सोडूं द्यावी काय?" ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार वार्षिकाच्या पानांतून सविस्तर केल्यास यंदा दहावीस बसणाऱ्या मुलांच्याही तो उपयोगीं पडेल, असें वाटून हा लेख लिहीत आहें.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत देतां येतें. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज गृहस्थानें १९८९ सालीं जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेंत नोकरीवर असतांना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें ती सर्व जगास विनामूल्य खुली करून दिली. ह्यामुळें वेबपान रचण्यास कोणाचा परवाना लागत नाहीं. एचटीएमएल ह्या खुणांच्या भाषेंत मजकुराचा सांगाडा सांगावयाचा, म्हणजे मथळा कोणता, परिच्छेद कोणता, चित्र कोठें. सीएसएस ह्या दुसऱ्या भाषेंत त्याचा पेहराव ठरवावयाचा, म्हणजे अक्षर केवढें, रंग कोणता, मोकळी जागा किती. आणि जावास्क्रिप्ट ह्या तिसरीनें त्यांत लागेल तेवढी हालचाल आणावयाची. जुन्या छापखान्यांतला कंपॉझिटर शिशाचे खिळे जुळवून जें करी तेंच हें काम आहे. फरक इतकाच कीं, कंपॉझिटरास कागदाची लांबीरुंदी आधीं ठाऊक असे, आणि वेबपान रचणारास वाचकाच्या हातांत सहा इंची फोन आहे कीं टेबलावर मोठा पडदा आहे हें ठाऊक नसतें. दोहोंवर सारखें शोभेल असें पान रचणें ही ह्या कामांतली खरी कसोटी होय.

छापखान्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत अगदीं लहान वयांत नोकरीस लागून, टॉमस ग्रॅहम ह्यांच्या हाताखालीं देवनागरी टाइपांचें काम शिकलेले जावजी दादाजी पुढें १८६४ सालीं स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढते झाले. निर्णयसागराच्या संस्कृत व मराठी पुस्तकांच्या सुबक अक्षरांची कीर्ति ज्यांनीं ऐकली असेल त्यांस त्या अक्षरांचा उगम एका पोरसवद्या नोकराच्या बोटांत आहे हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. दुसऱ्याच्या पगारावर हात बसवून घ्यावा आणि मग आपलें दुकान मांडावें ही रीत आपल्याकडे अशी जुनी आहे. तेव्हां काम खरें आहे, खेळ नव्हे.

दुसरा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि त्याविषयीं आमचें मत पुष्कळ तरुणांस रुचणार नाहीं. पहिल्या गिऱ्हाइकानें पंधरा हजार रुपये दिले कीं मुलगा महिन्याचे पंधरा दुणें तीस मोजूं लागतो आणि राजीनाम्याचा कागद खिशांत घालून हिंडतो. त्याला आमचें सांगणें असें कीं, बाबा रे, तुझी नोकरी हेंच तुझ्या धंद्याचें भांडवल आहे. ज्याच्या घरीं एक तारखेस पगार येतो तो वाईट गिऱ्हाइकास नाहीं म्हणूं शकतो. ज्याच्या घरीं तो येत नाहीं त्याला घरभाड्याच्या आदल्या दिवशीं कोणतेंही काम, कोणत्याही भावानें, कोणाचीही बोलणीं ऐकून घ्यावें लागतें. आणि अशा घाईंत घेतलेलीं कामेंच पुढें नांव खराब करतात. ॲपल कंपनीच्या दोघां प्रमुख संस्थापकांपैकीं स्टीव्ह वॉझ्नियाक हा ह्यूलेट-पॅकार्ड ह्या कंपनींत गणकयंत्रें रचण्याच्या नोकरीवर होता. आपला संगणक त्यानें सवडीच्या वेळीं तयार केला, प्रथम आपल्या मालकांसच देऊं केला, त्यांनीं तो नको म्हटला, आणि १९७६ सालीं ॲपल कंपनी निघाल्यावरही तो कांहीं महिने जुन्या नोकरीवर होताच. आमचे तरुण ॲपलच्या गोष्टींतला गॅरेजचा भाग तेवढा लक्षांत ठेवतात आणि हा पगाराचा भाग विसरतात.

ज्यांचें खरें काम पैसे देत नाहीं त्यांस तर उपजीविकेचा हात निराळा ठेवावाच लागतो. पौल प्रेषित करिंथ शहरीं अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरीं राहून तंबू करण्याचें काम करी, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस माहीत आहे. १८०५ सालीं ज्यांचें मराठी व्याकरण श्रीरामपुरास छापून निघालें ते विल्यम कॅरी बंगाल्यांत आल्यावर आधीं कांहीं वर्षें एका निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. तेथें जोडधंदा कोणता व मुख्य धंदा कोणता हें ठरविणें कठीण आहे, आणि तें ठरविण्याची गरजही नाहीं.

आतां मालकाशीं प्रामाणिकपणाचा प्रश्न. ह्या बाबतींत २०२२ सालीं आपल्या देशांत मोठा वाद माजला होता. विप्रो कंपनीनें आपल्या सुमारें ३०० नोकरांस, ते प्रतिस्पर्धी कंपन्यांचेंही काम करीत होते म्हणून, काढून टाकलें, व कंपनीचे अध्यक्ष रिशद प्रेमजी ह्यांनीं अशा वागण्यास उघड फसवणूक ठरविलें. इन्फोसिसनें आधीं कडक ताकीद दिली, परंतु त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, वरिष्ठांची आगाऊ संमति घेऊन व कंपनीच्या हितास बाध न आणतां बाहेरचें काम करण्यास वाट ठेविली. त्या वेळीं वर्तमानपत्रांतून एक पक्ष म्हणे, "संध्याकाळ माझी, तिचें मी काय वाटेल तें करीन." दुसरा पक्ष म्हणे, "पगार देतों तो सबंध माणसाचा देतों." आम्हांस दोन्ही पक्ष एकांगी वाटतात. मालकानें आठ-नऊ तास विकत घेतले आहेत, माणूस विकत घेतलेला नाहीं. म्हणून दुसरा पक्ष चूक. पण त्या आठ-नऊ तासांत जो माणूस हजर व्हावयाचा तो रात्रीं दोनपर्यंत जागून डोळे चोळीत आला, तर त्यानें विकलेला माल कमी भरला असें म्हणावें लागेल. म्हणून पहिला पक्षही चूक. प्रतिस्पर्ध्याचें काम करणें, मालकाच्या गिऱ्हाइकांस आपल्याकडे वळविणें, कचेरीच्या लॅपटॉपवर आपलें काम उरकणें, दुपारच्या बैठकींत मान हालवीत मांडीवर दुसऱ्याचा मजकूर दुरुस्त करणें, ह्या गोष्टींस कोणताही युक्तिवाद लागू पडत नाहीं.

म्हणून नोकरीवर रुजू होतांना जें नेमणूकपत्र मिळतें तें एकदां सावकाश वाचावें. तरुण माणूस त्यांतला पगाराचा आंकडा वाचतो आणि सही करतो. बाहेरचें काम करण्यास बंदी आहे काय, संमति घेतां येते काय, हें त्यांतच लिहिलेलें असतें. संमति मागावयाची असेल तर ती लेखी मागावी व उत्तरही लेखी घ्यावें. साहेब बदलले कीं तोंडी संमति त्यांच्याबरोबर बदलून जाते. सरकारी नोकरांची गोष्ट निराळी. केंद्र सरकारच्या नोकरांस १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणें पूर्वपरवानगीवांचून खासगी व्यापार किंवा दुसरी नोकरी करतां येत नाहीं; अधूनमधून केलेलें वाङ्मय, कला किंवा शास्त्र ह्यांसंबंधींचें काम तेवढें त्यांतून वगळलें आहे. राज्य सरकारच्या नोकरांसही नियम आहेतच. आम्हां शिक्षकांस तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमानें खासगी शिकवणी घेण्याची मनाई आहे. (ती कितपत पाळली जाते हें पालकांस आमच्याहून अधिक ठाऊक.) अशा ठिकाणीं बायकोच्या किंवा भावाच्या नांवानें धंदा मांडून आपण मागें बसण्याची युक्ति पुष्कळांस सुचते. बायको खरोखरच काम करीत असेल तर तो तिचा धंदा, आणि त्यांत कांहींच वावगें नाहीं. ती करीत नसेल तर कागदावर तिच्या सहीनें आपण खोटें लिहीत आहों एवढें उघड म्हणावें.

हक्कांविषयींही दोन शब्द. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें नोकरीच्या ओघांत नोकरानें लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक, निराळा करार नसल्यास, त्याचा मालक असतो. उलट स्वतंत्रपणें काम करणाऱ्यानें लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क, लेखी देऊन टाकलेला नसेल तर, सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. आणि लेखांत मुदत लिहिली नसेल तर हक्क पांच वर्षांपुरताच दिला असें कायदा समजतो. गिऱ्हाइकास ह्याची कल्पना नसते व करणारासही नसते, आणि मग भांडण होतें. आणखी असें कीं, कचेरींत लिहिलेला प्रोग्राम उचलून आपल्या गिऱ्हाइकाच्या पानांत घालणें ही चोरीच आहे, मग तो आपण स्वतःच लिहिलेला कां असेना.

आतां वेळेचा हिशेब करूं, कारण ह्या धंद्यांत पैशाहून वेळेचा हिशेब आधीं चुकतो. आठवड्याचे तास १६८. सहा दिवस नऊ तासांप्रमाणें नोकरीचे ५४, जाण्यायेण्याचे रोज दीड तासाप्रमाणें ९, झोपेचे रोज सात तासांप्रमाणें ४९, आणि स्नान, जेवण, बाजारहाट, घरांतलीं कामें ह्यांस रोज तीन तासांप्रमाणें २१. बेरीज १३३. उरले ३५. हा आंकडा पाहून तरुणाच्या तोंडास पाणी सुटतें. पण ह्या पस्तिसांत म्हाताऱ्या आईला दवाखान्यांत नेणें आहे, लग्नकार्यें आहेत, उपासनेचा दिवस आहे, ताप-खोकला आहे, वीज जाणें आहे, मित्राशीं चार शब्द बोलणें आहे, आणि कांहीं न करतां स्वस्थ बसणेंही आहे. अनुभवी लोकांस विचारलें तर डोकें ताजें असलेले दहा तास मिळाले तरी आठवडा चांगला गेला असें ते सांगतात. आतां समजा, एका दंतवैद्याची पांच पानांची वेबसाइट करण्यास, पहिल्या भेटीपासून शेवटच्या दुरुस्तीपर्यंत, ४० तास लागतात. म्हणजे चार आठवडे. परंतु डॉक्टरसाहेब आपले फोटो व मजकूर तिसऱ्या आठवड्यांत देणार, हें नक्की समजून चालावें. म्हणून मुदत सांगावयाची ती आठ आठवड्यांची. "पंधरा दिवसांत देतों" असें जो पहिल्या भेटींत सांगतो तो सोळाव्या दिवसापासून फोन उचलीत नाहीं.

पैशाचाही हिशेब ह्याच रीतीनें करावा. समजा, १२ हजार रुपये ठरले, आणि त्यांतून नांवाची नोंदणी, होस्टिंग व इतर खर्च मिळून ४ हजार गेले. उरलेल्या ८ हजारांस ४० तासांनीं भागलें तर तासास २०० रुपये पडले. पण गिऱ्हाइकानें "जरा निळा रंग गडद करा, जरा फिका करा" असें करीत काम ८० तासांवर नेलें तर तेच १०० झाले. म्हणून दुरुस्त्या किती वेळां करून मिळतील हें आधीं कागदावर लिहावें. दोन वेळां पुरे. तिसरीचा आकार निराळा. पैशापैकीं निम्मे कामास हात लावण्यापूर्वीं घ्यावे आणि बाकीचे पान जगासमोर ठेवण्यापूर्वीं. मराठी माणसास आगाऊ पैसे मागण्याची लाज वाटते. शिंपी मागतो, आचारी मागतो, बँडवाला मागतो. त्यांस कोणी लोभी म्हणत नाहीं. आणि आलेली ही रक्कम पगाराबरोबर प्राप्तिकराच्या विवरणपत्रांत दाखवावी. कंपनी फॉर्म १६ देते त्यांत ती नसते, म्हणून ती सरकारास कळत नाहीं असें समजणें भाबडेपणाचें आहे. जीएसटीची नोंदणी मात्र सेवेच्या कामांत वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आंत असेपर्यंत सहसा लागत नाहीं.

वर पस्तीस तासांचा हिशेब केला तो पुरुषाचा, हें चाणाक्ष वाचिकांच्या ध्यानांत आलेंच असेल. आमची एक माजी विद्यार्थिनी सहकारी पतपेढींत कारकून आहे. सायंकाळीं घरीं पोंचतांच तिच्यापुढें कणीक असते, मुलाचा गृहपाठ असतो, सासूबाईंचें औषध असतें. तिचा भाऊ त्याच वेळीं "मी कामांत आहें" म्हणून दार लावून बसूं शकतो. तिचे तास पहांटे साडेचार ते सहा. तेवढ्यांत तिनें केलेली गोष्ट मोठी शहाणपणाची आहे. ती फक्त दवाखान्यांच्याच वेबसाइटी करते. वेळा, फी, पत्ता, नकाशा, रुग्णांचे नेहमींचे प्रश्न हीं पानें सगळीकडे एकाच धर्तीचीं असल्यामुळें तिला प्रत्येक वेळीं पहिल्यापासून विचार करावा लागत नाहीं, आणि दुसऱ्यास ज्या कामास चाळीस तास लागतात तें ती पंचविसांत करते. हें कौतुक खरें. परंतु पहांटे साडेचारला उठणें हा सद्‌गुण मानून घरच्या मंडळींनीं स्वस्थ राहावें हें आम्हांस पटत नाहीं. ज्या पालकांस मुलीनें कमवावें असें वाटतें त्यांनीं व त्यांच्या जांवईबापूंनीं आठवड्यांतून दोन संध्याकाळीं स्वयंपाक आपल्या अंगावर घेतला तर तिला पहांटेची झोप तरी मिळेल. जोडधंद्याविषयींच्या सगळ्या उपदेशांत ही गोष्ट गाळली जाते.

गिऱ्हाइकाशीं व्यवहाराच्या पुष्कळ गोष्टी आहेत, पण एक सर्वांत महत्त्वाची. वेबसाइटचें नांव, ज्याला डोमेन म्हणतात, तें गिऱ्हाइकाच्या नांवावर, गिऱ्हाइकाच्या ईमेलवर नोंदवावें. आपल्या नांवावर कदापि नोंदवूं नये. हें नांव विकत मिळत नाहीं, ठराविक वर्षांच्या मुदतीनें मिळतें, आणि मुदत संपली कीं पुन्हां पैसे भरावे लागतात. आमच्या परिचयाच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांची वेबसाइट एका हुषार मुलानें केली, नांव स्वतःच्या खात्यांत ठेवलें, आणि तो परदेशीं नोकरीस गेला. मुदत संपल्याचीं पत्रें त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिलीं. ऐन लग्नसराईंत वेबसाइट बंद पडली, व पुढें तें नांव दुसऱ्याच कोणी उचललें. जाहिरातीच्या फलकांवर, पत्रिकांवर, पावत्यांवर सगळीकडे तेंच छापलेलें. मुलाच्या मनांत कपट नव्हतें. कांहींजण मात्र गिऱ्हाईक बांधून ठेवण्याकरितां मुद्दाम असें करतात. काम संपलें म्हणजे सर्व पासवर्ड एका कागदावर लिहून, सही घेऊन, गिऱ्हाइकाच्या हवालीं करावे. ज्याच्याकडे किल्ल्या आहेत आणि तरीही जो आपल्याचकडे येतो, तें खरें गिऱ्हाईक. तसेंच फुकट उतरवून घेतलेल्या चोरीच्या थीम व इंटरनेटवर सांपडलेलीं कोणाचींही छायाचित्रें वापरूं नयेत. पहिल्यांत बहुधा किडे लपविलेले असतात, आणि दुसऱ्यांचे मालक केव्हां तरी उभे राहतात.

आणि आतां ज्या गोष्टीसाठीं आमच्या मुलांनीं ह्या धंद्यांत शिरावेंच असें आम्हांस वाटतें ती. आपल्या गांवोगांवच्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, संस्थांच्या वेबसाइटींवरील मराठी पाहिलें कीं मन खट्टू होतें. इंग्रजी पानें रचण्याची सवय असलेला माणूस मथळ्याच्या अक्षरांत अंतर वाढवितो. रोमन अक्षरांस तें शोभतें, पण देवनागरीची शिरोरेघ त्यानें तुटते आणि शब्द विस्कटलेल्या माळेसारखा दिसतो. ओळींमधलें अंतर इंग्रजीच्या मापानें ठेवलें तर वरच्या ओळीचे उकार व खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींस भिडतात. कोणी सगळा मजकूर चित्र करूनच पानावर चिकटवितो. मग तो शोधयंत्रास सांपडत नाहीं, आणि ज्या अंध वाचकांचा संगणक त्यांना मजकूर वाचून दाखवितो त्यांच्या दृष्टीनें तें पान कोरें असतें. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तसाच उचलून टाकला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. तो आधीं युनिकोडमध्यें आणून घ्यावा लागतो. आणि सर्वांत बारीक गोष्ट अशी कीं, मराठींतला ल आणि श हे हिंदींतल्याहून निराळ्या वळणाचे आहेत. पान मराठी आहे असें एचटीएमएलमध्यें एका छोट्याशा खुणेनें सांगितलें, तर ज्या फॉन्टांत सोय आहे ते आपण होऊन मराठी वळण दाखवितात. ही खूण लिहावयास पांच सेकंद लागतात, आणि ती बहुतेक कोणी लिहीत नाहीं! "दुसऱ्या" ह्या शब्दांतला अर्धा र नीट उमटतो कीं नाहीं हें पाहण्याची तसदीही थोडेच घेतात. २०१४ सालापासून तर डॉट भारत असें देवनागरींत नांवही घेतां येतें. हें काम परदेशांतला मोठा कारागीर करणार नाहीं. तें मराठी वाचणाऱ्या, शुद्धलेखनाच्या वहींत लाल शाई खाल्लेल्या मुलामुलींचेंच आहे. म्हणून व्याकरणाच्या तासाला जांभया देणाऱ्या भावी वेबसाइटकारांनीं हा परिच्छेद पुन्हां वाचावा.

कोणी म्हणेल, आतां तयार नमुने मिळतात, शिवाय २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेचीं जीं साधनें लोकांच्या हातीं आलीं तीं चार ओळी सांगतांच सबंध पान करून देतात. मग हा धंदा टिकेल काय? हलकें काम टिकणार नाहीं हें खरें आहे. ज्याचा धंदा केवळ नमुना उचलून नांव बदलण्याचा होता त्याची उपजीविका जाईल, कदाचित् गेलीही असेल. परंतु डॉक्टरांस नक्की काय हवें आहे हें त्यांच्या बोलण्यांतून काढून घेणें, यंत्रानें लिहिलेल्या मराठींतला परकेपणा ओळखून तो दूर करणें, आणि रविवारीं सकाळीं वेबसाइट बंद पडली असतां फोन उचलणें, ह्या गोष्टींस अजून माणूस लागतो. हेंही एक कारण आहे कीं, ज्या धंद्याचें रूप दर दोन वर्षांनीं पालटतें त्यावर सबंध संसाराचा भार एकदम टाकूं नये.

मग नोकरी सोडावी केव्हां? घरखर्चाचे निदान आठ-दहा महिन्यांचे पैसे बँकेंत निराळे असावेत. देखभालीचे वार्षिक पैसे देणारीं कायमचीं गिऱ्हाइकें असावींत, व त्यांतलें एक निघून गेलें तरी चूल पेटती राहील इतकीं तीं अनेक असावींत. नोकरीबरोबर भविष्यनिर्वाहनिधींतला मालकाचा वांटा जातो, कंपनीचा आरोग्यविमा जातो, आणि पगाराची पावती दाखवून मिळणारें गृहकर्जही अवघड होतें, हें बायकोस, किंवा नवऱ्यास, समोर बसवून सांगितलेलें असावें. एवढें झालें असेल तर पालकांनीं आडवें येऊं नये. परंतु सोडलीच पाहिजे असेंही नाहीं. जोडधंदा हा जोडधंदाच राहिला तर तो अपुरा राहिला असें मानण्याची नवी समजूत आम्हांस चमत्कारिक वाटते. म्हशी बाळगणाऱ्यास डेअरी कधीं काढतोस असें कोणी विचारीत नाहीं.

आमचा एक माजी विद्यार्थी औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत मालसांठ्याच्या हिशेबावर आहे. साहेबांची लेखी संमति त्यानें घेतलेली आहे. सात वर्षांत त्यानें चौदा गिऱ्हाइकें जमविलीं: तीन दवाखाने, दोन शेती-अवजारांचीं दुकानें, एक आचारी, एक कुस्तीची तालीम आणि अशींच किरकोळ. त्यांच्या देखभालीच्या पैशांतून त्यानें धाकट्या बहिणीचें नर्सिंगचें शिक्षण केलें आणि घरावर पत्र्याऐवजीं स्लॅब घातला. रात्रीं दहा वाजतां तो संगणक बंद करतो. पंधरावें गिऱ्हाईक आलें म्हणजे त्याला तो आपल्या एका वर्गमित्राचा फोन नंबर देतो.